धाराशिव जिल्हा : कचेरी एका गावी, पेठ दुसऱ्या गावी

सन १८५३ मध्ये एक संपूर्ण मुलूख कर्जापोटी धनकोच्या ताब्यात गेला. ऋणको होते हैदराबादचे निजाम आणि धनको होती ईस्ट इंडिया कंपनी. निजामांच्या नावाने परंतु कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या नावाची फौज उभी होती. तिच्या पगारखर्चाची रक्कम वर्षानुवर्षे थकत गेली आणि बाकी फुगत गेली. अखेर १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि राज्याच्या पश्चिम सरहद्दीवरील धाराशिव-नळदुर्गाचा मुलूख कंपनीकडे सोपवण्यात आला. सार्वभौमत्व निजामांचे, वसुली मात्र कंपनीची. राजकारणाच्या भाषेत त्याला काहीही म्हणोत, पेढीच्या भाषेत हे शुद्ध ताबेगहाण होते. वऱ्हाड पुढे निजामांना प्रत्यक्षात कधीच परत मिळाले नाही. धाराशिवचा मुलूख मात्र सातच वर्षांनी सुटला. १८५७ च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिले. त्याची भरपाई म्हणून १८६० च्या तहात ५० लाख रुपयांचे कर्ज माफ झाले आणि रायचूर दोआबासह हा मुलूखही परत करण्यात आला.

त्या सात वर्षांपैकी आरंभीची वर्षे येथील कारभार कॅप्टन मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे होता. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीमुळे त्याचे नाव आधीच गाजले होते. नळदुर्गच्या किल्ल्यात राहून त्याने जमिनीच्या मोजणीचे आणि साऱ्याच्या आकारणीचे काम हाती घेतले. याच मुलखात वावरताना पाहिलेले तुळजापूर त्याने पुढे १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘तारा’ या कादंबरीत आणले. धनकोने तारणाची इतकी बारकाईने पाहणी करावी आणि वर त्यावर कादंबरीही लिहावी, असा योग सावकारीच्या इतिहासात विरळाच.

आजचा धाराशिव जिल्हा म्हणजे याच मुलखाचा गाभा. त्याचा इतिहास चाळू लागले की एक गोष्ट पुन:पुन्हा नजरेस येते. येथे राज्यकारभाराचे ठिकाण आणि व्यापाराचे ठिकाण एका गावी क्वचितच नांदले. कचेरी एकीकडे राहिली, पेठ दुसरीकडे बहरली; आणि पेठ वाढून मोठी झाली की कधी राज्याची, कधी जिल्ह्याची हद्द मधून गेली. व्यापारी घराण्यांना ही गोष्ट अधिक चटकन उमगेल, कारण त्यांचे स्थलांतर बहुधा कचेरीमागे नव्हे, पेठेमागे झालेले असते.

आधी भूमी पाहू. बालाघाटाची रांग वायव्येकडून आग्नेयेकडे या जिल्ह्यातून जाते. जिल्ह्याचा पुष्कळसा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीच्या पठारावर आहे. उत्तरेस बीड, पूर्वेस लातूर, पश्चिमेस व नैर्ऋत्येस सोलापूर, वायव्येस अहिल्यानगर आणि आग्नेय-दक्षिणेस कर्नाटकातील बीदर व कलबुर्गी अशी शेजाऱ्यांची मांडणी. क्षेत्रफळ ७,५६९ चौरस किलोमीटर. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम आणि परांडा असे आठ तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६ लाख ५७ हजारांच्या घरात होती.

या पठाराचे खरे वैशिष्ट्य उंचीत नसून उतारात आहे. बालाघाटाच्या माथ्यावर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. उत्तरेकडच्या व पूर्वेकडच्या उतारावरचे पाणी तेरणेतून मांजरेला आणि मांजरेतून गोदावरीला मिळते. पश्चिम-दक्षिणेकडचे पाणी सीना आणि बोरी यांच्या वाटेने भीमेत व पुढे कृष्णेत जाते. म्हणजे एकाच जिल्ह्याचा हक्क दोन महानद्यांच्या खोऱ्यांत आहे, आणि दोन्ही खोऱ्यांच्या अगदी वरच्या टोकाला असल्याने पाणी मात्र दोन्हींकडे वाहून जाण्यापुरतेच. पावसाची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. तीही भरवशाची नाही. काळी, मध्यम आणि हलकी अशी मिश्र जमीन. ज्वारी, तूर, हरभरा ही जुनी पिके आणि अलीकडच्या काळात सर्वत्र पसरलेले सोयाबीन. कोरडवाहू प्रदेशाला साजेसा एक वारसा म्हणजे ‘उस्मानाबादी’ शेळी. काळ्या रंगाची, काटक, थोड्या चाऱ्यावर तगणारी ही जात देशभर याच नावाने ओळखली जाते. जिल्ह्याचे नाव बदलले तरी पशुवैद्यकांच्या पुस्तकात ते शेळीच्या रूपाने टिकून आहे.

अशा भूमीत दोन हजार वर्षांपूर्वी एक जगप्रसिद्ध बाजारपेठ होती, हे ऐकून आश्चर्य वाटेल. ते गाव म्हणजे तेरणेच्या काठचे तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक भाषिक नाविक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांचे टिपण लिहून ठेवले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते ओळखले जाते. दक्षिणापथातील दोन मोठ्या बाजारपेठा म्हणून त्याने पैठण आणि तगर यांची नावे दिली आहेत. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगरहून साधे सुती कापड मोठ्या प्रमाणात, शिवाय तलम मलमलीचे निरनिराळे प्रकार, बैलगाड्यांतून, जेथे धड रस्ताही नाही अशा लांबलचक प्रदेशातून भडोचला येत, असे तो लिहितो. लेखकाची दृष्टी पक्की व्यापाऱ्याची आहे. तेथे राजा कोण, देऊळ कोणते, यात त्याला रस नाही. माल काय, अंतर किती आणि वाहतूक कशी, एवढेच त्याने टिपले. म्हणूनच ते टिपण आजही उपयोगी पडते.

हे तगर नेमके कोणते, याविषयी विद्वानांत दीर्घकाळ मतभेद होते. कोणी जुन्नर म्हणत, कोणी देवगिरी, कोणी धारूर. १९०१ च्या सुमारास जे. एफ. फ्लीट यांनी तेरचे नाव पुढे केले आणि नंतरच्या शोधांनी ते पक्के ठरत गेले. तेथील पांढरीच्या टेकाडांतून सातवाहनकालीन नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, पांढऱ्या मातीच्या मूर्ती निघाल्या. रोमन नाण्यांची नक्कल करून घडवलेली मातीची पदके निघाली. हस्तिदंती स्त्रीमूर्तीही मिळाली, आणि तिचे साम्य इटलीत ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरातील भारतीय हस्तिदंती मूर्तीशी आहे. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तू आयुष्यभर चिकाटीने गोळा केल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरमध्ये आहे. विटांनी बांधलेले त्रिविक्रमाचे मंदिर, त्याची गजपृष्ठाकृती घडण पाहता मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे याच तेरने वारकरी परंपरेला गोरोबाकाका दिले. कापडाची पेठ ओसरली तरी गाव कुंभाराच्या चाकाने नावाजले गेले.

तेर राजधानी होते का? सातवाहनांची राजधानी पैठण, नंतरच्या चालुक्यांची बदामी, मग कल्याणी, राष्ट्रकूटांची मान्यखेट. तेर या सगळ्यांच्या राज्यात होते, परंतु यांपैकी कोणाचेही सिंहासन तेथे नव्हते. तरीही गावाच्या नावाचा मान केवढा होता, ते शिलाहारांच्या ताम्रपटांवरून दिसते. उत्तर कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. कोकणच्या किनाऱ्यावर किंवा पन्हाळ्याच्या परिसरात राज्य करणाऱ्याने शेकडो मैलांवरच्या एका बाजारगावाचे बिरुद मिरवावे, यावरून त्या पेठेची पत ध्यानात येते. घराणे कोठेही जावो, मूळ पेढीचे नाव पाटीवर राहते, त्यातलाच हा प्रकार.

तेरच्या वैभवाची आठवण जैन साहित्यातही जपली गेली आहे. अकराव्या शतकातील मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचले. त्यात चंपानगरीचा राजा करकंड दक्षिणेच्या स्वारीवर असताना तेरापुरास येतो. जवळच्या डोंगरात त्याला एक प्राचीन लेणे दिसते. एक हत्ती सोंडेने पाणी आणि कमळ आणून वारुळाची पूजा करीत असल्याचे त्याला कळते. वारूळ खणल्यावर पार्श्वनाथांची मूर्ती मिळते. लेण्यातील जिनमूर्तीच्या सिंहासनावर एक गाठ दिसते. ती फोडताच पाण्याचा लोंढा उसळतो. राजा पुढे तेथे आणखी लेणी कोरवतो. डॉ. हिरालाल जैन यांनी हे काव्य संपादून १९३४ मध्ये कारंजा येथून प्रसिद्ध केले, आणि तेरापूरची लेणी म्हणजे धाराशिव शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर असलेली लेणीच होत, हे प्रमाणांसह मांडले. पार्श्वनाथांच्या मूर्ती तेथे आजही आहेत आणि लेण्यात पाणीही आहे. यांतील काही लेणी मुळात बौद्ध होती आणि नंतर जैन झाली, असेही एक मत आहे. विद्वानांचा हा वाद चालू राहो. कवीने भूगोल मात्र अचूक लिहिला, एवढे निश्चित.

मध्ययुगाकडे वळले की पेठेचे नाव मागे पडते आणि किल्ल्यांची नावे पुढे येतात. बहमनी सत्ता मोडल्यावर हा प्रदेश निजामशाही आणि आदिलशाही यांच्या सीमेवर आला. परांडा निजामशाहीकडे, नळदुर्ग आदिलशाहीकडे, आणि मधली गावे ज्याचे सैन्य येईल त्याची. १६०० मध्ये अहमदनगरचा पाडाव झाल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला परांड्यास गादीवर बसवले, त्यामुळे काही काळ परांडा राजधानी झाले. विजापूरच्या तटावरची प्रचंड ‘मुलूखमैदान’ तोफ सतराव्या शतकात परांड्याहूनच तेथे नेण्यात आली. नळदुर्ग तर अभियांत्रिकीचा नमुना आहे. बोरी नदीचे पाणी किल्ल्याभोवती वळवून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, दगडी बांध घातला गेला आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल उभारला गेला. पावसाळ्यात बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि आतल्या सज्जातील माणूस कोरडा राहतो. तुळजापूरची भवानी ही तर अवघ्या महाराष्ट्राची कुलस्वामिनी; तिच्याविषयी येथे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. सैन्याच्या वाटा आणि यात्रेच्या वाटा मात्र व्यापाराच्या वाटांहून निराळ्या असतात. सैन्य येते ते धान्य उचलण्यासाठी, विकत घेण्यासाठी क्वचितच.

निजामांना मुलूख परत मिळाल्यावर जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गलाच होते आणि जिल्ह्याचे नावही नळदुर्गच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ठाणे धाराशिवला आले. धारासुरमर्दिनी देवीच्या स्थानावरून गावाला हे नाव पडले, अशी परंपरा आहे. गावाला आणि जिल्ह्याला मीर उस्मान अली खान यांच्यावरून उस्मानाबाद हे नाव देण्यात आले. ते नाव शतकाहून अधिक काळ टिकले आणि २०२३ मध्ये धाराशिव हे नाव पुन्हा अधिकृत झाले. नामांतरावर पुष्कळ बोलले गेले आहे, न्यायालयातही गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही.

विषय आहे तो त्याच सुमारास घडलेल्या आणि फारशा न बोलल्या गेलेल्या दुसऱ्या एका घटनेचा. ती घटना म्हणजे बार्शी लाईट रेल्वे.

बार्शी हा इंग्रजी अमलाचा तालुका. सोलापूर जिल्ह्याचा भाग, परंतु जवळजवळ सर्व बाजूंनी निजामांच्या मुलखाने वेढलेला. बालाघाटावरचा कापूस, गळिताची धान्ये, डाळी घाट उतरून बार्शीला येत आणि बार्शीहून मुंबईला जात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबई-मद्रास मार्ग बार्शीपासून वीस-बावीस मैलांवरून गेला होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ते अंतर अरुंद मापाच्या रेल्वेने जोडण्याची योजना आखली, लंडनमध्ये कंपनी नोंदवली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फूट रुंदीची गाडी सुरू केली. छोटे इंजिन, छोटे डबे, भांडवल थोडे, माल भरपूर. अशा मापाच्या रेल्वेचा हिशेब बसतो, हे जगाला पटवून देणाऱ्या उदाहरणांत या गाडीची गणना होते. १९०७ मध्ये मार्ग निजामांच्या हद्दीत तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत गेला. दुसरीकडे तो पंढरपूरला आणि १९२७ पर्यंत मिरजेला पोहोचला.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणावा. कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड, लातूर. या मालिकेत जिल्ह्याचे ठाणे असलेले उस्मानाबाद नाही. येडशीवरून गाडी पुढे निघून जाई आणि जिल्ह्याच्या गावाला जाणारा माणूस तेथे उतरून टांगा किंवा बैलगाडी पाही. कंपनीने रूळ टाकले ते मालासाठी, कलेक्टरसाठी नव्हेत. त्यात तिचा दोष कसा काढावा? परंतु परिणाम व्हायचा तो झाला. बार्शी ही एका टोकाची पेठ झाली, लातूर ही दुसऱ्या टोकाची. आणि कचेरीचे गाव मधल्या मध्ये वकिलांचे, कारकुनांचे आणि तारखेला आलेल्या पक्षकारांचे गाव म्हणून राहिले.

लातूरने ही संधी कशी साधली, हे तेथील गंजगोलाईत उभे राहून पाहावे. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार १९१७ मध्ये ही गोलाकार पेठ उभी राहिली आणि मध्यावरून सोळा रस्ते निघाले. गुळाची ओळ वेगळी, मिरचीची वेगळी, सोन्याची वेगळी, कापडाची वेगळी. रेल्वे येऊन पुरती सहा वर्षेही झाली नव्हती. मारवाड-गुजरातेतून आलेली घराणी, जुने लिंगायत आणि सैतवाळ व्यापारी, तेलगिरण्यांचे मालक असे सगळे या सोळा वाटांनी आत आले. आडतीवर माल घ्यायचा, शेतकऱ्याला उचल द्यायची, तेजी-मंदीचा अंदाज बांधायचा, हे सारे व्यवहार तेथे रुजले ते आजतागायत.

सरहद्दीने या व्यापाराला आणखी एक चव दिली होती. बार्शीत कलदार रुपया चाले, घाटावर हाली सिक्का. दोघांच्या भावात फरक असे; पुढे विलीनीकरणानंतर सात हाली रुपयांना सहा कलदार असा दर कायम झाला. हद्दीवर निजामांचा करोडगिरीचा नाका होता आणि मालावर जकात भरावी लागे. ज्याचा आडत्या बार्शीत आणि शेतकरी कळंब-परांड्यात, त्याला प्रत्येक व्यवहारात दोन नाण्यांचा हिशेब ठेवावा लागे. एकाच पानावर दोन चलने सांभाळणाऱ्या त्या मुनीमांना आजच्या विदेशी चलन विभागात सहज नोकरी मिळाली असती. नाक्याच्या पलीकडे कायदाही निराळा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४१ मध्ये वतनदार परिषदेसाठी निजामी हद्दीतील कसबे तडवळे येथे आले, ते या रेल्वेमार्गावरचेच गाव. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या छळाला कंटाळलेली कुटुंबे बार्शी-सोलापूरकडे आश्रयाला गेली, आणि हद्दीलगतच मुक्तिसंग्रामाची शिबिरे उभी राहिली. जी रेषा इतके दिवस व्यापाराला जाचत होती, तीच त्या तेरा महिन्यांत अनेकांच्या जिवाची हमी ठरली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. याच जिल्ह्याचे फूलचंद गांधी पुढे हैदराबाद राज्याच्या मंत्रिमंडळात होते.

याच हैदराबाद राज्याच्या अखेरच्या दिवसांत भूम तालुक्यातील कुंथलगिरीकडे साऱ्या देशातील जैन समाजाचे डोळे लागले होते. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींचे हे सिद्धक्षेत्र. वनवासातील रामचंद्रांनी त्यांच्यावरील उपसर्ग दूर केला, अशी कथा जैन रामायणात येते. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी येथे सल्लेखना धारण केली आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे समाधिमरण झाले. त्या दिवशी कुंथलगिरी हैदराबाद राज्यात होती. तेरा-चौदा महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यपुनर्रचनेने ती मुंबई राज्यात आली आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. आज त्या परिसराचा खवा आणि पेढा दूरवर जातो. कोरडवाहू शेतकऱ्याला म्हशीने दिलेली ही एक रोख उत्पन्नाची वाट आहे.

१९५६ च्या पुनर्रचनेत जिल्ह्याच्या पदरात मोठे दान पडले होते. बीदर जिल्ह्याचे विभाजन झाले आणि त्यातील निलंगा, उदगीर व अहमदपूर हे मराठी भाषक तालुके उस्मानाबादला जोडले गेले. जिल्हा पूर्वेकडे पसरला. परांड्याच्या शेतकऱ्याला आणि उदगीरच्या व्यापाऱ्याला एकच कलेक्टर. बार्शी मात्र सोलापूरकडेच राहिली. संस्थानाची रेषा पुसली गेली तरी जिल्ह्याची रेषा जागच्या जागी होती. निदान लातूर जिल्ह्यात होते, आणि महसुलाच्या दृष्टीने बाजार समितीपासून साखर कारखान्यांपर्यंत पूर्वेकडचा सगळा जोर हिशेबात जमा होत होता.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये हेही संपले. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके वेगळे होऊन लातूर जिल्हा झाला. प्रशासनाच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. उदगीरच्या माणसाने सात-बाराच्या तक्रारीसाठी उस्मानाबादपर्यंत यावे, हा अन्यायच होता. परंतु विभाजनात कर्मचारी, इमारती आणि तालुके वाटले जातात. पेठ वाटता येत नाही. ती जेथे असते तेथेच राहते. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार भरली आणि उस्मानाबादची १ लाख १२ हजार. शंभर वर्षांपूर्वी रुळांनी घेतलेल्या वळणाचा हा हिशेब आहे. शिक्षणसंस्था, रुग्णालये, दाल मिल, सोयाबीनचे प्रक्रिया उद्योग सगळे लातूरच्या बाजूला वाढले. २०१८ मध्ये केंद्र शासनाने देशातील आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि उस्मानाबाद अशी चार नावे तीत आली.

भूमीने मात्र ही नवी हद्द मानली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास झालेल्या भूकंपात लातूरच्या औसा तालुक्यातील किल्लारी आणि उस्मानाबादच्या बाजूचे सास्तूर एकाच वेळी जमीनदोस्त झाले. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. मृतांची संख्या आठ हजारांच्या आसपास गेली. त्या वेळी पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने दोन्ही जिल्ह्यांतील सुमारे बाराशे मुलांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी उचलली. ही मुले पुण्यात वाढली, शिकली. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. जुन्या गावठाणांत आज बाभळी आहेत.

रेल्वेची कथा अर्धी राहिली होती. १ जानेवारी १९५४ ला सरकारने बार्शी लाईट रेल्वे विकत घेतली, पण माप तेच अडीच फुटांचे राहिले. मालमोटारींच्या युगात ती गाडी हळूहळू थट्टेचा विषय झाली. मग मार्ग रुंद करण्याचे काम निघाले आणि त्यात नवी आखणी उस्मानाबाद शहरावरून घेण्यात आली. २००७ मध्ये लातूर-उस्मानाबाद आणि २००८ मध्ये उस्मानाबाद-कुर्डुवाडी हे टप्पे पुरे झाले. जिल्ह्याच्या ठाण्याला रेल्वे मिळाली ती बार्शीनंतर एकशे दहा वर्षांनी. याच रुळांवरून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला गेली. मांजरा धरण कोरडे पडले होते. कृष्णेच्या खोऱ्यातील पाणी बालाघाट चढून गोदावरीच्या खोऱ्यात रेल्वेने न्यावे लागले, आणि ते ज्या स्थानकावरून पुढे गेले त्या उस्मानाबाद जिल्ह्यातही त्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगा होत्या. शहराची तहान भागवण्यासाठी उजनीहून, म्हणजे पुन्हा भीमेच्या खोऱ्यातून, पाणी वर चढवावे लागते.

आज या जिल्ह्याचा शेतमाल तीन दिशांना फुटतो. परांडा-भूमचा बार्शीकडे, तुळजापूर-उमरग्याचा बराचसा सोलापूरकडे, कळंब आणि पूर्वेकडच्या गावांचा लातूरकडे. सोयाबीनचा सकाळचा भाव विचारायचा तो लातूरचा. धाराशिवच्या आडतीत बसलेला व्यापारीही आधी तोच विचारतो. येथे पिकलेल्या मालावरचा बाजार शुल्काचा, हमालीचा, गोदामाच्या भाड्याचा आणि बँकेतील ठेवींचा हिस्सा हद्दीपलीकडे जमा होतो. जिल्ह्याच्या ठेवी-कर्जाच्या आकड्यांकडे पाहून त्याच्या गरिबीचे अनुमान काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. येथील माणूस पिकवतो कमी असे नाही. त्याचा पैसा दुसऱ्या जिल्ह्याच्या खात्यावर दिसतो.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा नवा रेल्वेमार्ग मंजूर होऊन २०१९ मध्ये त्याची पायाभरणी झाली आहे आणि काम सुरू आहे. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग तुळजापूर आणि धाराशिववरून जातो. कृष्णा खोऱ्यातील वाट्याचे पाणी आणण्याची योजना अनेक वर्षे रखडत आता पुढे सरकत आहे. तुळजापूरचा मार्ग यात्रेकरूंसाठी आखला गेला असला, तरी त्यावर मालधक्का कोठे होतो, हे पाहण्यासारखे राहील. गेल्या वेळी रुळ येडशीवरून वळले होते. या वेळी ते थेट धाराशिवला येऊन मिळत आहेत, आणि शहराच्या बाहेर स्थानकाच्या रस्त्यालगत गोदामांसाठी जागांची चौकशी करणारे लोक लातूर-बार्शीहूनच येऊ लागले आहेत.